सोळाला एक

अण्णा, तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी मी तुमच्या घरामागे जाते आणि पश्चिमेची भिंत बोटाने खरवडून बघते. परवा अक्कांनी मला पकडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, "काय मा, भिंत आहे ना जागेवर?" मी उगाच कढीपत्त्याची चार पानं तोडली आणि फोडणीला हवी होती म्हणून सांगितलं. माझ्या दारातच कढीपत्त्याचं झाड आहे आणि ते तुम्हीच लावून दिलंय, हे तुमच्या बायकोला काय ठाऊक नाही?

तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले. दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. मी माझ्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. अक्का चहासाठी हाका मारत होत्या, ते ऐकू येत होतं. तिसरी हाक वेगळी लागली म्हणून धावत आले. तुमचा हात हातात घेतला तर अजून कोमट होता. खरं सांगू? त्या क्षणी मला रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता विचारायचं कुणाला? नंतर स्वतःचीच लाज वाटली आणि मग खूप रडले.

तुमच्याबद्दल जे रीतसर सांगायचं असतं ते नीलेशने नोटीस बोर्डावर लावलंय. आपल्या अकरा घरांचा सेक्रेटरी आहे तो, आणि नागपूरचा असल्यामुळे त्याचा हात सढळ आहे. यशवंतपूरच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही किती वर्षं लेथ मशीन चालवलं, तुमची माणसं किती पिढ्यांपूर्वी या कन्नड मुलखात आली, सगळं आलंय त्यात. शेवटी लिहिलंय, 'थोडे हट्टी, पण मनाचे मोठे.' तो हट्ट कोणता ते इथे सगळ्यांना माहीत आहे. विटांच्या मिश्रणाचा. सोळा घमेली मातीला एक घमेलं सिमेंट पुरतं, असा तुमचा हट्ट होता, आणि तो चुकला म्हणून तुमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीचा भुगा होतोय, असं सगळे मानत आले.

तो चुकला नव्हता. ती भिंत माझ्यामुळे बिघडली. हे मला सहा वर्षं माहीत होतं. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की ते तुम्हाला माहीत होतं का.

आपली पहिली भेट आठवते? बनशंकरीच्या बऱ्याच पुढे, नुसत्या लाल मातीच्या त्या मोकळ्या तुकड्यावर. अमोल आणि मी पुण्याहून येऊन मारतहळ्ळीत भाड्याने राहत होतो, बाराव्या मजल्यावर, आणि बिल्डरांची माहितीपत्रकं वाचून वाचून वैतागलो होतो. अकरा कुटुंबं मिळून सहकारी पद्धतीने जमीन घेणार आहेत आणि घरं स्वतःच्या हाताने बांधणार आहेत, हे ऐकून मी बघायला आले. तुम्ही विटा दाबायच्या यंत्राला ग्रीस लावत होतात. मी सुरू झाले. याचा दांडा एवढा लांब का? माती चाळायची का? भट्टीत न भाजता वीट टिकते कशी? वाळू किती? पावसात विरघळत नाही का? तुम्ही ग्रीसचा हात पुसलात आणि अक्कांकडे वळून म्हणालात, "ही घर बांधायला आलीय काय पेपर काढायला?" त्या दिवसापासून माझं नाव पडलं 'पुणे'. रोज सकाळी ठरलेलं. "काय पुणे, ऊट झालं काय, जेवलीस काय? आजचा पेपर किती मार्काचा?"

पण एकाही प्रश्नाला तुम्ही उडवून लावलं नाहीत. मातीचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून खाली टाकायला तुम्ही शिकवलंत. चार-पाच तुकडे झाले तर पाणी बरोबर आहे, भुगा झाला तर कमी, नुसता चपटा झाला तर जास्त. मी एका दुपारी चाळीस गोळे टाकले. तुम्ही तिथेच सावलीला बसून मोजत होतात.

आणि आपला तो नियम. मला तो आधी वेडेपणा वाटला होता. अकराही घरं सगळ्यांनी मिळून बांधायची, पण शेवटच्या घरावर छप्पर पडेपर्यंत कुठलं घर कुणाचं ते ठरवायचं नाही. मग चिठ्ठ्या टाकायच्या. तोवर घरांना फक्त आकडे. बांधकामावर कुणी 'माझं घर' म्हटलं की दंड, दहा घमेली माती चाळायची. नीलेशच्या बायकोने एकदा फोनवर आईला 'आमचं किचन' म्हटलं आणि तुम्ही लांबून नुसती चाळण उचलून दाखवलीत. मी स्वतः सात वेळा चाळली. "कुणाचं घर ते माहीत नसलं की हात ढिला पडत नाही," तुम्ही म्हणायचात. "प्रत्येक भिंत आपली असू शकते की!"

सोळाला एकही त्यातूनच आलं. सगळे बाराला एक करत होते. तुमचं म्हणणं, एवढं सिमेंट लागत नाही, विटेला पहिले तीन आठवडे नीट पाणी दिलं तर सोळाला एक पुरे. बैठकीत खूप तंटा झाला. शेवटी तुम्ही म्हणालात, "सरी, एकच घर करू सोळानं. चार नंबर. चिठ्ठी कुणाला पण लागेल, मला पण लागेल." चिठ्ठ्या अक्कांनी उघडल्या आणि चार नंबर तुम्हालाच लागला. लोक हसले होते. तुम्हीही हसलात. मी पाच नंबरची मालकीण झाले आणि तुमची शेजारीण. मी मात्र हसले नव्हते.

कारण तोपर्यंत माझं ते होऊन गेलं होतं.

काय झालं ते आता एकदाच सरळ लिहिते. चार नंबरच्या विटांची शेवटची थप्पी दाबून झाली आणि दुसऱ्या दिवशी यंत्राचा दांडा मोडला. तो करून आणायला तुम्ही आठवडाभर यशवंतपूरला जाऊन बसलात. बांधकामावर कुणी नव्हतं. थप्पीवर पोती झाकलेली होती आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची पाळी त्या आठवड्यात माझी होती. आणि ऑफिसात आमचं काम डोक्यावर आलं होतं. मारतहळ्ळीहून तिथे यायचं म्हणजे कधीकधी दोन तास. सोमवारी म्हटलं उद्या जाऊ. मंगळवारी तेच. शनिवारी सकाळी पोचले तेव्हा पोती कडक वाळली होती आणि उन्हाने विटा पांढरट पडल्या होत्या.

मग मी जे केलं ते सॉफ्टवेअरवालीच करू जाणे. मी पाच दिवसांचं पाणी एकदम मारलं. खरंच, अण्णा. दहा वेळा पाइप फिरवला, मोजून. राहिलेलं काम सुट्टीच्या दिवशी उरकायची आम्हाला सवय, मला वाटलं विटांचंही तसंच असेल. थप्पीखाली चिखल झाला. आणि मग पाळ्यांच्या फळ्यावर पाचही दिवसांच्या चौकोनांत खडूने बरोबरच्या खुणा केल्या. पाणी तर घातलंच होतं, खोटं काय त्यात, अशी मी माझी समजूत काढली. एकदा पूर्ण वाळलेली वीट पुन्हा कितीही भिजवली तरी तशी घट्ट होत नाही, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला विचारलं नाही. वाचलं.

ती थप्पी पश्चिमेच्या भिंतीत गेली. बाकी तीन भिंतींच्या विटा आधीच्या होत्या.

राहायला आलो त्या पहिल्याच पावसाळ्यात भिंतीच्या पायाशी लाल भुगा दिसायला लागला. नीलेश बघायला आला, बाकीचेही आले. पश्चिमेचा पाऊस थेट त्या भिंतीवर येतो, बाकीच्या तिघींवर नाही, त्यामुळे निदान सोपं होतं. सोळाचं मिश्रण पावसाला टिकत नाही. तुम्ही भिंतीवरून तळहात फिरवलात, हाताचा वास घेतलात, नखाने जरासं कोरलंत. मी शेजारीच उभी होते. मग म्हणालात, "हौदु. तप्पायितु." हो, चुकलं. एवढंच. त्या दिवसापासून आपल्याकडे 'सोळा' हा शब्द थट्टेचा झाला. कुणी भाजीत मीठ कमी घातलं की 'अण्णांच्या प्रमाणात घातलंस काय?' तुम्ही सगळ्यांच्या आधी हसायचात.

मी पण हसले आहे. दोनदा तरी.

आणि आपला तो वाद. संध्याकाळी तुमच्या ओट्यावर, अक्कांची कॉफी घेत, किती वेळा झाला असेल. मी म्हणायचे, अण्णा, तुमचा नियम गोड आहे पण चूक आहे. जे आपलं नसतं त्यात माणूस अंग चोरतोच. मनातून नाही, पण चोरतो. तुम्ही मान हलवायचात.

"घर आपलं माहीत असलं तर माणूस आपल्या भिंतीला पाणी मारतो, दुसऱ्याच्या भिंतीकडं पाठ करतो."

"आणि कुणाचं ते माहीत नसलं तर सगळ्यांकडेच पाठ करतो."

"ह्या अकरा घरांत कुणी केली? तुझ्याकडं पुरावा हाय काय?"

अण्णा, माझ्याकडे पुरावा होता. तुमच्या पाठीमागे सात पावलांवर उभा होता आणि पावसात झडत होता. मी म्हणायचे, "नाही." तुम्ही म्हणायचात, "मग साकु. कॉफी पी." साकु, म्हणजे बस झालं. कप माझ्या पुढ्यात सरकवायचात. तो प्रश्न विचारताना तुम्ही माझ्याकडे बघायचात की समोर रस्त्याकडे, हे मी आता आठवायचा प्रयत्न करते आहे. नाही आठवत. एवढी चौकस म्हणवते स्वतःला, आणि नेमकं तेच बघितलं नाही.

तुम्ही नाटक बेमालूम करायचात, हे मला माहीत होतं. अमोलची नोकरी गेली तेव्हा तो दोन महिने घराबाहेर पडत नव्हता. तुम्ही रोज अकरा वाजता दारात हजर. "अमोल, स्वल्प ये की. यंत्राला तेल घालायचं, मला एकट्याला होत नाही." घरं बांधून झालेली, यंत्र शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेलं, त्याला रोज कसलं तेल? अमोल जायचा. तुम्ही दोघं ते सगळं यंत्र उघडायचात, पुसायचात आणि परत जोडायचात. नोकरी लागल्यावर तो मला म्हणाला, "अण्णांना खरंच वाटत होतं की मला काही कळत नाही." मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, यंत्र गंजत होतं. तुमचा चेहरा अगदी साधा. म्हणूनच भिंतीपाशी 'तप्पायितु' म्हणतानाच्या चेहऱ्यावरून मला कधीच काही ठरवता आलं नाही.

हे सगळं असंच आतल्या आत राहिलं असतं, कदाचित जन्मभर. पण रत्नम्मा आल्या. तुमच्या वर्कशॉपमधल्या सोबत्याची बायको. यशवंतपूरच्या बाजारात हमाली करणारी, लोकांच्या घरी काम करणारी अशी चौदा कुटुंबं, त्यांनी तुमकूरच्या रस्त्याला जमीन घेतलीय आणि आपल्यासारखीच घरं बांधायची आहेत. तुम्ही त्यांना यंत्र द्यायचं कबूल केलंत, शिकवायचंही. त्यांचा मोठा प्रश्न सिमेंटचा. ते कमी लागलं तर प्रत्येक घराला एक खोली जास्त निघते. त्यांनी तुमचं सोळाचं कुठूनतरी ऐकलं होतं. तुम्ही जायच्या तीन दिवस आधीची गोष्ट. मी डोशांची ताटली घेऊन तुमच्याकडे आले होते आणि दारातच थांबले. तुम्ही त्यांना सांगत होतात, "सोळा बेड मा. बाराच करा. सोळा नको. माझं चुकलं त्यात."

रत्नम्मांचा चेहरा उतरला. त्यांनी मान हलवली, पदराने तोंड पुसलं. एक खोली गेली होती.

मी ताटली ठेवली आणि गरम आहेत तोवर खा म्हणाले. तेव्हा बोलायला हवं होतं. त्याच संध्याकाळी बोलायला हवं होतं. रविवारी बोलू, असं मी ठरवलं. माझ्या रविवारांचं तुम्हाला काही नवीन नाही. त्या रविवारपर्यंत तुम्ही थांबला नाहीत.

आता यंत्र न्यायला आणि प्रमाण पक्कं करायला रत्नम्मा आणि त्यांची माणसं आज बैठकीला यायची होती. म्हणून काल संध्याकाळी मी अक्कांकडे गेले. धीर एकवटून विचारलं, "अक्का, मागच्या भिंतीबद्दल अण्णा कधी काही बोलले का?"

अक्का तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विचारलंस एकदाचं."

मी खालीच बसले.

"पहिल्याच पावसात कळलं त्यांना," अक्का म्हणाल्या. "मागच्या कोपऱ्यातली एक वीट काढून फोडून बघितली. वरचं सालपट भुगा, आतनं टणक. मिश्रण चुकलं असतं तर आतनं पण तसंच असतं म्हणाले. थप्पी वाळलीय म्हणाले."

"आणि पाळी कुणाची होती ते? फळ्यावर तर खुणा होत्या."

"फळा कोण बघतो मा? ते म्हणाले, ही पुणे सगळं विचारते. मुंगी कुठं चालली ते विचारते. सगळी माणसं येऊन ह्या भिंतीचं विचारून गेली, हिनं एकदा पण विचारलं नाही."

अण्णा, एवढ्यावरून ओळखलंत तुम्ही. मी आयुष्यभर तोंड उघडून फसले असते तर समजू शकले असते. मी फसले तोंड बंद ठेवून. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही यायला लागलं, आणि अक्कांनी ताट बाजूला ठेवून माझ्या पाठीवर हात ठेवला. मी विचारलं, मग ते बोलले का नाहीत? इतकी वर्षं सोळाची थट्टा का ऐकून घेतली? अक्का म्हणाल्या, "गोत्तिल्ला, माहीत नाही. मी पण विचारलं. उत्तर दिलं नाही. तुझे प्रश्न ते ऐकायचे, माझे कुठं ऐकायचे?"

आज सकाळी बैठक झाली. शेडमध्ये, नेहमीसारखी चटयांवर. आपल्या बैठकीत चार भाषा चालतात, आणि माझं कन्नड अजूनही रिक्षापुरतंच आहे, त्यामुळे मी मराठीत बोलले आणि रत्नम्मांच्या माणसांसाठी अक्का शेजारी बसून कन्नडमध्ये सांगत गेल्या. मी म्हणाले, मी पाणी मारलं नाही. अक्का म्हणाल्या, "नानु नीरु हाकलिल्ला." मी म्हणाले, मी खोट्या खुणा केल्या. अक्कांनी तेही तसंच, 'मी'च म्हणत सांगितलं, अगदी शांतपणे. तुमची बायको माझा गुन्हा स्वतःच्या तोंडाने कबूल करत होती. मी मध्येच थांबले, तर त्यांनी मला कोपराने ढोसलं. मुंदे, म्हणाल्या. पुढे बोल.

मग रत्नम्मा उठल्या आणि तरातरा तुमच्या घराकडे चालू लागल्या. आम्ही सगळे मागे. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि दक्षिणेची भिंत खरवडली. किल्लीला नुसती लाल रेघ लागली. पूर्वेची खरवडली, उत्तरेची खरवडली. मग पश्चिमेला येऊन किल्ली टेकवली तर भुगा घळघळ खाली आला. त्या माझ्याकडे वळून बघत राहिल्या. रागावल्या होत्या. हक्कच होता त्यांचा. मग आपल्या माणसांना म्हणाल्या, सोळाच करायचं. पाण्याची पाळी मी स्वतः बघेन.

सोळा जिंकलं, अण्णा. पण ऐका पुढे काय झालं.

नीलेश घसा खाकरून म्हणाला, आता निघालंच आहे तर, पाच नंबरच्या बाथरूमचा उतार त्याने घाईत काढला होता. पाच नंबर म्हणजे आमचं घर. इतकी वर्षं अमोल रोज आंघोळीनंतर पाणी जाळीकडे ढकलतोय आणि उतार काढणाऱ्याला शिव्या घालतोय! अमोल तोंड उघडं टाकून नीलेशकडे बघत राहिला. लोक हसले. पण रत्नम्मांच्या माणसांतला एक गंभीर झाला. तो म्हणाला, बघा, घर कुणाचं ते माहीत नव्हतं म्हणून हे असं झालं. आपण चिठ्ठ्या नको. आधी घरं वाटून घेऊ, ज्याचं त्याने बांधू. दोघातिघांनी माना हलवल्या.

तेव्हा मला एकदम कळलं तुम्ही गप्प का बसलात. निदान, मला वाटतं कळलं. सोळा खरं ठरवायचं तर तुम्हाला सांगावं लागलं असतं की आपल्यातल्या कुणीतरी पाठ केली. मग तुमचा नियम पडला असता. दोन हट्टांपैकी एकच राखता येत होता, आणि तुम्ही माणसांचा राखलात. तुमच्या हातातली कला, तीस-चाळीस वर्षांचं माती आणि यंत्रांचं ज्ञान थट्टेवारी जाऊ दिलंत. आणि मी आज तुमचं नाव साफ करायला म्हणून उठले आणि जे तुम्ही एवढं जपलं होतं तेच पाडून बसले.  

बोलल्या रत्नम्माच. त्या माणसाला त्यांनी कन्नडमध्ये झापलं, आणि अक्कांनी मला हळू आवाजात सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे हिचंच घर असतं तर हिनं कुणाला सांगितलं असतं? गपचूप लिंपून टाकली असती भिंत. दुसऱ्याची होती म्हणून तर हिला इतकी वर्षं झोंबली. चिठ्ठ्याच टाकायच्या."

आणि तसंच ठरलं. प्रमाण सोळाला एक, आणि घरं चिठ्ठीने. यंत्र टेम्पोत चढवलं तेव्हा अमोलने दांडा धरला होता आणि त्याला रडू आवरत नव्हतं.

बैठकीत मी सगळ्यांची माफी मागितली आणि सगळ्यांनी ती दिली, अक्कांनीसुद्धा. आपला वाद कोण जिंकलं ते मला अजून नक्की सांगता येत नाही, आणि तुम्ही गप्प का बसलात याचं मी काढलेलं उत्तरही कदाचित चूक असेल. तुम्ही तपासून द्यायला हवं होतंत. पण सहा पावसाळे तुम्ही सकाळी उठून त्या भिंतीखालचा भुगा झाडलात आणि मग पुढच्या ओट्यावर येऊन मला कॉफी दिलीत, हे मात्र मी रोज माझ्या डोळ्यांनी बघत होते. मला माफ करा, अण्णा.